खर्जाची गळती

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एक गळती-विभाग होता आणि त्या विभागात सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे गळतीसाहेब म्हणत. या नावात काही थट्टा आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. शहरात कुठेही नळ फुटो की जोड सुटो, कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पाण्याला वाहणं थांबवता येत नसे. सव्वीस वर्षांत त्यांनी चाळीसेक हजार गळत्या बंद केल्या होत्या. अर्थात सहीनं. प्रत्यक्ष गळणारी वस्तू त्यांनी कधी हातात धरली नव्हती. घरचा नळ ठिबकायला लागला की त्याखाली बादली बायको ठेवायची आणि ती कितपत डावीकडे हवी हे साहेब सांगायचे.

अशा माणसानं स्पीकरची पेटी स्वतःच्या हातानं हवाबंद करायची ठरवली, याला कारण त्यांचा मेहुणा.

त्याचं असं झालं. साहेबांचे सासरे एका वाद्यवृंदात होते. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, उभं राहून वाजवायचं खर्जातलं वाद्य ते वाजवत. त्या वृंदाची एकच रेकॉर्ड निघाली, एकावन्न वर्षांपूर्वी, आणि ती घरात जपून ठेवलेली होती. पाकिटावर सगळ्यांचा फोटो होता. मागच्या रांगेत कडेला सासरे, वाद्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. पण रेकॉर्ड लावली की सगळे ऐकू यायचे, बासरी, सनई, झांजा, अगदी मध्येच कुणीतरी खोकल्याचंसुद्धा ऐकू यायचं. सासरे तेवढे यायचे नाहीत. घरातल्या छोट्या स्पीकरला खर्ज पेलतच नव्हता. स्वतः सासऱ्यांना त्याचं काही वाटत नसावं, कारण रेकॉर्ड लागली की ते उठून गॅलरीत जात. लोक म्हणत, केवढा विनय! ते वारले त्याला बारा वर्षं झाली होती.

आणि मेहुणा दर भेटीत तो फोटो हातात घेऊन म्हणायचा, "बाबा वाजवत नव्हतेच. नुसते उभे असायचे. ते वाद्य पडू नये म्हणून एक माणूस लागतो ना!"

सगळे हसायचे. साहेबांची बायकोही हसायची, पण मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटायची. एकदा ती साहेबांना म्हणाली, "मला बाबांना एकदा ऐकायचंय हो. पुढच्या महिन्यात एका रविवारी आईचे ऐंशी पूर्ण होतायत. डॉक्टर म्हणालेत, तिचे कान पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. बारीक आवाज तर गेलेच, जाडे तेवढे उरलेत. त्या रविवारी ती येईल तेव्हा तिला ऐकवायचे मला बाबा. जमेल का तुम्हाला?"

सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोनं "जमेल का तुम्हाला" असं इतक्या सरळ विचारायची ही पहिलीच वेळ. साहेब म्हणाले, "त्यात काय न जमण्यासारखं?" या एका वाक्यानं जगात जेवढी माणसं खड्ड्यात गेली असतील तेवढी खड्ड्यांनी गेली नसतील.

साहेबांनी जुन्या बाजारातून परातीएवढा एक गोल स्पीकर आणला. दुकानदारानं तो अंगाईगीत म्हणावं इतक्या मायेनं कागदात गुंडाळून दिला आणि बजावलं, "साहेब, खरी गंमत पेटीत आहे. पेटी बंद पाहिजे. मागची हवा कडेनं पुढे आली की खर्ज मेला म्हणून समजा. लावून झाला की हा कागदी पडदा बोटांनी हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश बाहेर आला तर पेटी बंद. टपकन आला तर हवा गळतेय."

गळतेय! साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "तो विषय माझा आहे."

पेटी कोपऱ्यावरच्या सुतारानं केली. सुतार कामात चोख होता, फक्त त्याला सल्ला दिलेला खपत नसे. साहेबांनी भोकाच्या कडेला काही मऊ पट्टी लागेल का म्हणून विचारलं, तर तो पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "माझं लाकूड लोखंडाला बसलं की त्यातून मुंगी जायची नाही, हवा कुठली जातेय? चाळीस वर्षं दारं करतोय मी." त्याच्या चाळीस वर्षांपुढे साहेबांची सव्वीस वर्षं गप्प बसली. आठ स्क्रू पिळून स्पीकर बसवण्यात आला, पेटी दिवाणखान्यात कपाटाशेजारी उभी राहिली आणि रेकॉर्ड लागली.

पहिल्या अर्ध्या मिनिटात पेटीतून फुस्स असा आवाज आला. मग पुन्हा फुस्स. प्रत्येक ठेक्याला फुस्स. खर्ज नाहीच, पण कुणीतरी आत बसून आयुष्याला कंटाळल्यासारखे सुस्कारे टाकत होतं. साहेबांनी पडदा दाबून सोडला. तो टपकन बाहेर आला.

नेमका तेव्हाच मेहुण्याचा फोन आला. त्यानं पलीकडून ते ऐकलं आणि म्हणाला, "भावोजी, बाबाच आहेत! उभं राहून राहून पाय दुखले असणार."

साहेबांना तो घाव जिव्हारी लागला. त्या दिवसापासून हा प्रश्न खर्जाचा राहिला नाही, अब्रूचा झाला.

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरतो. संध्याकाळपर्यंत चार जण चार सल्ले देऊन गेले. कुणी मेणबत्ती सांगितली, कुणी सायकलची ट्यूब, आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी तर पेटीच नको, पिंपात बसवा म्हणून सुचवलं. साहेबांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं, कारण आलेली सूचना नोंदवायची आणि तिचं काही करायचं नाही हा त्यांच्या कचेरीचा शिरस्ता होता. पण वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत. ते दवाखान्यातून एक गुलाबी पुडीचा डबा घेऊन आले.

"दातांचं माप घ्यायला हीच पूड वापरतो," ते म्हणाले. "हिरडीची रेघसुद्धा सुटत नाही हिच्यातून. तुमची हवा काय चीज आहे! दोन पुड्या पाण्यात मिसळा, लगदा मळा, कडेनं लावा, स्पीकर दाबा. फक्त एक करा, वेळ लावू नका. साडेतीन मिनिटांत दगड होते."

साहेबांना साडेतीन मिनिटं म्हणजे बरीच वाटली. कचेरीत तेवढ्या वेळात पेनाचं टोपणसुद्धा निघत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी स्पीकर सोडवला, लगदा मळला, भोकाच्या कडेनं सुबक वळी लावली, तिच्याकडे दोन पावलं मागे जाऊन कौतुकानं पाहिलं आणि बायकोला बघायला बोलावलं. बायको हात पुसत आली. "छान झालंय," ती म्हणाली. मग साहेबांनी स्पीकर ठेवला. तो एका बाजूनं बसला आणि दुसऱ्या बाजूनं बोटभर वर राहिला. लगद्याचा दगड झाला होता. त्या दगडात साहेबांच्या उजव्या हाताची करंगळी होती.

दंतवैद्यांना वरून बोलवावं लागलं. ते हत्यारांचा ट्रे घेऊन आले, गुडघ्यावर बसले, कपाळावरचा दिवा लावला आणि सवयीनं साहेबांना म्हणाले, "आ करा." साहेबांनीही सवयीनं केला. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. पुढचा पाऊण तास दंतवैद्य पेटीच्या कडेवरून गुलाबी कपचे काढत होते आणि मध्येमध्ये "दुखतंय का?" असं विचारत होते. करंगळी सुटली. पेटी स्वच्छ झाली. जाताना ते साहेबांना सांगून गेले, की पेटीचं ठीक आहे, पण तुमची डावीकडची दाढ मात्र एकदा दाखवून जा.

रविवार सहा दिवसांवर आला होता.

आता साहेबांना जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नळाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये बसवायचं रबर त्यांच्याच कचेरीच्या भांडारात गठ्ठ्यांनी पडलं होतं. हवा काय न् पाणी काय, रबराला दोन्ही सारखंच. त्यांनी भांडारपालाला गाठलं आणि टाकाऊ रबरातला एक तुकडा विकत मागितला.

भांडारपाल फार सरळ माणूस होता आणि सरळ माणसासारखं दुसरं संकट नाही. तो म्हणाला, "साहेब, तुकडा टाकाऊ असला तरी भांडारातला आहे. गळती नोंदवल्याशिवाय रबर बाहेर जात नाही. हा नियम तुमच्याच सहीनं आलाय."

खरंच आला होता. खाली सही होती, आणि अगदी झोकदार होती.

"मग गळती नोंदव," साहेब म्हणाले. "माझ्या घरची. आहेच ती."

भांडारपालानं तक्रारीचा छापील नमुना काढला. गळतीचं ठिकाण? साहेबांनी पत्ता सांगितला. नक्की जागा? "दिवाणखाना, कपाटाशेजारी." भांडारपालानं एकदा वर पाहिलं आणि लिहिलं. गळणारा पदार्थ? "हवा," साहेब म्हणाले. इथे मात्र घोडं अडलं, कारण त्या रकान्यात 'पाणी' हा शब्द आधीच छापलेला होता. खोडायचं तर वरिष्ठांची परवानगी हवी आणि वरिष्ठ दौऱ्यावर होते. "राहू द्या हो," साहेबांनी उदारपणे सांगितलं, "रबराला थोडंच वाचता येतं!" त्यांनी पैसे भरले, पावती घेतली आणि तुकडा गुंडाळून घरी आणला. तो कागद पुढे कुठे जाईल हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. सव्वीस वर्षं कागद त्यांच्याकडे यायचे, पुढे ते कुठे जातात हे पाहायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्या संध्याकाळी साहेबांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. पेटीच्या भोकाचा व्यास भरला बरोबर अठ्ठावीस सेंटिमीटर. त्याला बावीस सप्तमांशांनी गुणलं, उत्तर आलं बरोबर अठ्ठ्याऐंशी. वर ना अपूर्णांक, ना दशांश. शाळेनंतर इतकं स्वच्छ उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरची रबरी पट्टी कापली आणि भोकाभोवती ठेवली. ती किंचित तोकडी वाटली, पण गणित बरोबर होतं, तेव्हा चूक रबराची असणार. त्यांनी पट्टी जराशी ताणली, दोन्ही टोकं खालच्या बाजूला भिडवली, स्पीकर वर ठेवला आणि आठही स्क्रू पिळले.

आवाज पहिल्यापेक्षा बरा आला. फुस्स लहान झालं. पण गेलं नाही. खर्ज कुठेतरी दूर, शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखा वाटत होता. साहेबांनी पडदा दाबला. टपकन.

त्यांनी कान लावून वरची कड तपासली, डावी-उजवी तपासली, मागे तारेचं भोक तपासलं. खालची कड तपासली नाही. तिथला जोड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी भिडलेला पाहिला होता. शनिवारी बायको म्हणाली, "राहू द्या आता. बोटाला लागलंय, झोप नाही. आईला मी गाजावाजा न करता नुसती रेकॉर्ड ऐकवीन." ती हे अगदी मनापासून म्हणाली, म्हणून साहेबांना जास्तच लागलं.

रविवार उजाडला. साडेनऊला दाराची घंटा वाजली. साहेब हसतमुखानं सासूबाईंच्या स्वागताला गेले. दारात घमेली, पहारी आणि टिकाव घेतलेले चार जण उभे होते. पुढे पिळदार मिशांचा मुकादम. त्याच्या हातात एक लांब पोलादी काठी, वरच्या टोकाला वाटीएवढी चकती.

"गळती कुठंय?" मुकादमानं विचारलं. "दिवाणखान्यात, कपाटाशेजारी असं लिहिलंय. बापरे, म्हणजे फरशी फोडावी लागणार. काळजी नको साहेब, खालचा व्हॉल्व्ह बंद करूनच वर आलोय."

शहरात तक्रार केल्यापासून पथक यायला तीन आठवडे लागत. कधी पाच. याबद्दल नागरिकांना समजूतदार उत्तरं पाठवण्यात साहेबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण ही तक्रार खुद्द गळतीसाहेबांच्या घरची म्हटल्यावर कचेरीनं तिच्यावर लाल शाईनं 'तातडीचे' लिहिलं होतं आणि पथक सुट्टी सोडून आलं होतं.

अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं. जिन्यात दारं उघडायला लागली. दंतवैद्य अर्ध्या गालाला साबण लावून खाली आले. तळमजल्यावरचे आजोबा रिकामी बादली घेऊन वर आले. सुतारसुद्धा आला, कारण फरशीबरोबर त्याची पेटी फुटेल अशी त्याला भीती वाटली. आणि या गर्दीतून वाट काढत, मेहुण्याचा हात धरून, सासूबाई आल्या.

"बाई बाई! माझ्यासाठी इतके लोक?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्या दिवशी जे केलं ते सव्वीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांदेखत खरं सांगितलं. गळती पाण्याची नाही, हवेची आहे, रबरासाठी नमुना भरला, आणि तीन आठवडे खटपट करूनही ती आपल्याला सापडलेली नाही. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले. मेहुण्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बहिणीकडे पाहून मिटलं.

मुकादम मात्र हसला नाही. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली. "गळती म्हणजे गळती," तो म्हणाला. "मी तीस वर्षं जमिनीखालचं पाणी या काठीनं ऐकतोय. वर रस्ता, खाली माती, मध्ये मोटारी. तरी सापडतं. तुमच्या सह्या बघून बघून तोंडपाठ झाल्यात साहेब, एकदा माझं काम तुम्ही बघा. लावा ते गाणं."

रेकॉर्ड लागली. मुकादमानं चकतीला कान लावला, डोळे मिटले आणि काठीचं टोक कडेवरून वैद्यानं नाडी बघावी तसं हळूहळू फिरवलं. वर, उजवीकडे, खाली. खाली आल्यावर त्याची मिशी हलली.

"इथं."

स्क्रू निघाले. साहेबांनी भिडवलेली टोकं स्पीकर बसवताना एकमेकांना सोडून आपापल्या मूळ जागी गेली होती. मध्ये सव्वातीन बोटांची फट होती. सुतारानं वाकून पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "माप कशाचं घेतलंत? भोकाचं? अहो, पट्टी भोकात बसते की भोकाच्या बाहेर?"

साहेबांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. अठ्ठ्याऐंशी हे उत्तर बरोबरच होतं, फक्त प्रश्न दुसरा होता.

मुकादमानं खिशातून ग्रीस लावलेली सुतळी काढली, फटीत दाबून भरली, वरून अंगठा फिरवला. सुतारानं स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे पिळले आणि या वेळी कुणाचाही सल्ला ऐकून घ्यायची त्याची तयारी दिसली. साहेबांनी करंगळी वगळून उरलेल्या बोटांनी पडदा आत दाबला आणि सोडला. तो बाहेर आला तो सावकाश, पोटभर जेवून पाटावरून उठल्यासारखा.

"लावा," बायको म्हणाली.

आणि खर्ज आला. आधी तो पायांना कळला, मग कपाटातल्या कपबशांना. इतकी वर्षं जी गाणी तरंगत होती ती एकाएकी जमिनीवर उभी राहिली. बासरी तीच होती, सनई तीच होती, पण आता त्यांच्याखाली कुणीतरी दमदार पावलं टाकत चालत होतं. बायको पेटीसमोर जमिनीवरच बसली. "बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इमारतीत तेवढंच पाणी चालू होतं.

सासूबाईंनी खुर्ची पुढे घेतली आणि पेटीवर तळहात ठेवला. पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. त्या एकाग्र झाल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. गाणं अर्ध्यावर आलं तोच त्यांनी पेटीवर थाप मारली आणि खुदकन हसल्या.

"इथे! इथे चुकले हे!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"रेकॉर्डिंग करून घरी आले ते जेवेचनात," सासूबाई म्हणाल्या. "खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, दुसऱ्या गाण्यात मधेच एक सूर खाली गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, तुला म्हणून सांगतो, पण कुणाला बोलू नकोस. म्हणून तर रेकॉर्ड लागली की गॅलरीत पळायचे. मी एकावन्न वर्षं कान लावून बसतेय. म्हटलं, एवढं ज्याच्यासाठी उपाशी राहिले तो सूर आहे तरी कसा! आज सापडला."

मग त्यांनी मुलाकडे मान वळवली. "आणि तू रे. नुसता उभा राहणारा माणूस चुकत नसतो. चुकायला वाजवावं लागतं."

मेहुण्यानं पाकिटावरचा फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "खरंय आई," तो म्हणाला. मग साहेबांना म्हणाला, "भावोजी, मानलं तुम्हाला." साहेबांनी मुकादमाकडे बोट दाखवलं. तेही सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

व्हॉल्व्ह उघडायची आठवण तासाभरानं, आजोबा बादलीला अडखळले तेव्हा झाली. दंतवैद्यांच्या गालावरचा साबण तोवर वाळून पांढरा झाला होता आणि ते तसेच मान डोलवत बसले होते. निघताना मुकादमानं नमुना पुढे केला, साहेबांची सही हवी होती. साहेबांनी नेहमीसारखी डोळे मिटून सही केली नाही. एकेक रकाना वाचला. गळती सापडली का? होय. शोधणाऱ्याचे नाव? तिथे त्यांनी मुकादमाचं नाव विचारून, नीट वळणदार अक्षरात लिहिलं. गळती किती दिवसांपासून होती? त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'एकावन्न वर्षे'.

आत सासूबाई लेकीला सांगत होत्या, "परत लाव गं. चुकतात तिथूनच लाव."